दारातली गाडी, खारा वारा आणि रिमोटचे बटण

मुरुड, राजपुरी, दिघी, बोर्ली पंचतन, श्रीवर्धन, म्हसळा. या पट्ट्यातल्या कुठल्याही मोहल्ल्यातून फेरी मारली तर बऱ्याच घरांपुढे एक गाडी उभी दिसते. कधी माडांच्या सावलीत, कधी पत्र्याच्या शेडमध्ये, पावसाळ्यात निळी ताडपत्री पांघरून. घरातला कर्ता पुरुष दुबईला, कुवेतला, सौदीला किंवा कतारला असतो. तो सुट्टीवर आला की महिना-दीड महिना गाडीला उसंत नसते. लग्ने, दवाखाने, माणगाव-पनवेलच्या फेऱ्या, मुंबईचे नातेवाईक. तो विमानात बसला की गाडी पुन्हा अंगणात. आणि मग नेमकी गरज लागते त्या दिवशी ती सुरू होत नाही.

अलीकडे या जुन्या दुखण्याला एक नवे शेपूट आले आहे. चावीवरचे किंवा मोबाइलमधले बटण दाबून, गाडीत न बसताच इंजिन सुरू करण्याची सोय. आपल्याकडे ती घराघरात माहीत झाली ती साधारण २०१९ पासून. त्या वर्षी मे महिन्यात ह्युंदाईची व्हेन्यू आणि ऑगस्टमध्ये कियाची सेल्टोस बाजारात आली. मोबाइलशी जोडलेल्या गाड्यांची जाहिरात तेव्हापासून जोरात सुरू झाली. मुळात ही सोय बर्फाळ देशांतली. सकाळी गोठलेली गाडी आधीच गरम करून ठेवायची म्हणून. आखाती देशांत तिचा उपयोग उलटा, गाडी थंड करण्यासाठी. कुवेतमधल्या मित्रिबा येथे २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. अशा मुलखात नोकरी करणाऱ्या माणसाला एसी आधी चालू करून मग गाडीत बसण्याची चटक लागली तर नवल नाही. तो गावी गाडी घेतो तेव्हा ‘रिमोट स्टार्टवाली’च हवी म्हणतो. ज्या मॉडेलमध्ये ती सोय नसते, त्यात बाहेरून बसवून घेतो.

आम्ही शिक्षक माणसे, मेकॅनिक नव्हे. पण वर्गातली मुले, त्यांच्या आया आणि आमचा मोहल्ला यांच्यामुळे या विषयात शिरावे लागले. गाडीसोबत मिळणारे जाडजूड पुस्तक इंग्रजीत असते आणि ते वाचून सांगायला शेवटी शाळेतल्याच माणसाला बोलावतात. हे पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर न काढलेली किती घरे असतील, त्याचा विचार न केलेला बरा.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शेजारच्या भाभींच्या सासूबाईंना रात्री अकराच्या सुमारास छातीत दुखू लागले. मुरुडहून अलिबागचा जिल्हा रुग्णालयाचा रस्ता सुमारे ५० किलोमीटरचा, पावसात दीड-दोन तासांचा. दारात चांगली महागडी गाडी. भाभींना गाडी चालवता येते, परवाना आहे. त्यांनी चावीचे बटण दाबले, दरवाजे उघडले. इंजिनचे बटण दाबले, तर नुसतेच टक-टक-टक. त्या धावत आमच्या ओट्यावर आल्या. “टीचर, रिमोटनं दार उघडतंय, मग गाडी का चालू होत नाही? रिमोटची बॅटरी गेली का?” शेवटी कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्या चाचांना उठवले. सासूबाई वेळेत पोहोचल्या, अल्लाहचे शुक्र. दुसऱ्या दिवशी आम्ही मीटर लावून पाहिले, तर बॅटरीत ११.६ व्होल्ट होते. रिमोट अगदी ठणठणीत होता.

भाभींचा प्रश्न अगदी स्वाभाविक होता आणि सगळ्या घोळाचे मूळ त्यातच आहे. रिमोट गाडी सुरू करत नाही. तो फक्त निरोप देतो. दार उघडायला लागणारी वीज अगदी थोडी, पण इंजिनला पहिला हिसडा देणाऱ्या मोटारीला, म्हणजे आपण ज्याला ‘सेल्फ’ म्हणतो त्याला, एक-दोन सेकंदांसाठी शंभर-दोनशे अँपिअर इतका जबर प्रवाह लागतो. उतरलेली बॅटरी दिवे लावते, दार उघडते, गाणीसुद्धा वाजवते, पण सेल्फ फिरवू शकत नाही. निरोप पोहोचला, पण काम करणाऱ्याच्या अंगात त्राण नाही, असा प्रकार.

मग उभ्या गाडीची बॅटरी उतरते कशी? बंद गाडी पूर्ण बंद कधीच नसते. तिचे घड्याळ, चोर-घंटी, चावीची वाट पाहणारा रिसीव्हर आणि मोबाइलशी जोडलेली असेल तर आतले सिमकार्डवाले यंत्र, हे सगळे अर्ध्या झोपेत जागे असतात. हिशेब करून बघा. समजा हे सगळे मिळून ३० मिलीअँपिअर खातात. आजच्या गाडीसाठी हा आकडा मुळीच जास्त नाही. २४ तासांत झाले ०.७२ अँपिअर-अवर. महिन्यात साडेएकवीसच्या पुढे. लहान गाडीची बॅटरी साधारण ३५ ते ४५ अँपिअर-अवरची असते. म्हणजे महिनाभरात निम्मा साठा संपला आणि दोन महिन्यांत जवळजवळ सगळा. आठवीतल्या मुलाला येईल असे हे गणित आहे. बाहेरून स्वस्तातले रिमोट, कॅमेरे, अलार्म बसवले असतील तर खर्च आणखी वाढतो.

नुसती उतरली असती तर पुन्हा भरून भागले असते. पण शिसे आणि आम्लाची ही बॅटरी रिकामी ठेवलेली सोसत नाही. फ्रान्सच्या गॅस्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये ती शोधली, तेव्हापासून तिचा स्वभाव तोच आहे. वीज देताना तिच्या पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट धरते. लगेच चार्ज केली तर ते विरघळते. आठवडेच्या आठवडे तशीच राहिली तर त्याचे कडक खडे होतात आणि पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. म्हणून दोन-तीनदा पूर्ण उतरलेली बॅटरी चार्ज करून आणली तरी आठवड्याभरात पुन्हा मान टाकते. उष्णता या ऱ्हासाला आणखी वेग देते.

आणि आपल्याकडे खारा वारा. खिडकीचे गज, सायकलची चेन, शाळेच्या घंटेचा हूक, काहीच सोडत नाही तो. बोनेट उघडून बॅटरीच्या टर्मिनलकडे बघा. पांढरी किंवा निळसर-हिरवी भुकटी जमलेली दिसेल. बॅटरी भरलेली असली तरी या थरातून सेल्फला हवा तेवढा प्रवाह जात नाही. कित्येकदा लोक नवी बॅटरी घेऊन येतात आणि दोष असतो तो या चिमूटभर भुकटीचा. ती काढणे घरचे काम आहे. गाडी बंद, हातात रबरी मोजे. आधी काळी, म्हणजे वजा चिन्हाची वायर सोडवायची, मग लाल. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासायचे, पण ते पाणी बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ द्यायचे नाही. कोरड्या फडक्याने पुसून आधी लाल जोडायची, मग काळी. घट्ट आवळायची आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवायचा. बहिणींसाठी एक सूचना: हे करताना हातातल्या बांगड्या आणि अंगठ्या काढून ठेवा. सोन्याची बांगडी किंवा पाना एकाच वेळी दोन्ही टर्मिनलना लागला तर तो क्षणात तापून मनगट भाजते.

भाभींच्या प्रसंगानंतर आम्ही मोहल्ल्यात एकच गोष्ट लावून धरली आहे. प्रत्येक गाडीवाल्या घरात एक साधा डिजिटल मल्टिमीटर हवा. इलेक्ट्रिकच्या दुकानात तीन-चारशे रुपयांत मिळतो. डीसी व्होल्टच्या २० च्या खुणेवर ठेवायचा, लाल टोक अधिकला, काळे वजाला. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मोजायचे, फजरनंतरची वेळ उत्तम. १२.६ किंवा थोडे वर असेल तर बॅटरी भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण. १२.२ म्हणजे निम्मी, तिला लगेच चार्ज करायला हवे. १२ च्या खाली गेली तर त्या रात्री गाडीवर भरवसा ठेवू नका. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगून आकड्याकडे बघा. तो ९.६ च्या खाली कोसळला तर बॅटरी थकलेली समजा. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ च्या आसपास दिसले म्हणजे गाडी तिला नीट चार्ज करते आहे. तिथे १२ च्या घरातच राहिले तर दोष बहुधा अल्टरनेटरचा किंवा त्याच्या पट्ट्याचा आणि नवी बॅटरी घालूनही तीच रड राहील. (काही नव्या गाड्या इंधन वाचवण्यासाठी चार्जिंग मधूनच कमी करतात, तेव्हा दिवे आणि एसी लावून पुन्हा बघावे.)

मीटर नसेल तर कान वापरा. भराभर टक-टक झाले तर बॅटरी उतरली किंवा टर्मिनल खराब. एकच ठक्क आवाज आणि दिवे मात्र लखलखीत, तर सेल्फची तक्रार. सेल्फ जोमाने फिरतो पण इंजिन धरत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका. तिथे गॅरेजवालाच हवा.

आता रिमोटकडे येऊ. बॅटरी चांगली असूनही रिमोट स्टार्ट चालत नाही, अशी तक्रार आली की शंभरदा बटण दाबण्यापूर्वी गाडीच्या अटी बघाव्यात. एखादे दार, डिकी किंवा बोनेट अर्धवट लागलेले असेल तर ती सुरू होत नाही. ऑटोमॅटिक गाडी ‘पी’मध्ये हवी, गिअरची गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला. चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवले असतील, चावी गाडीतच राहिली असेल, इंजिनचा पिवळा दिवा लागला असेल, इंधन तळाला असेल, तरी बऱ्याच गाड्या नकार देतात. हा बिघाड नव्हे, शहाणपणाने घातलेली अट आहे. आणि सुरू झालीच, तर बहुतेक गाड्या दहा मिनिटांनी आपोआप बंद होतात. ‘चालू केली होती, परत बंद पडली’ ही तक्रार त्यातलीच.

दार पूर्वी अंगणापलीकडून उघडायचे आणि आता अगदी जवळ जावे लागते, तर चावीतला बटणासारखा सेल बदला. बहुतेक चाव्यांत सीआर २०३२ हा तीन व्होल्टचा सेल असतो, घड्याळवाल्याकडे मिळतो. तो पूर्ण मेला तरी घाबरायचे कारण नाही. स्मार्ट चावीच्या पोटात धातूची छोटी चावी दडवलेली असते, तिने दार उघडते. मग ती मेलेली चावीच स्टार्टच्या बटणाला टेकवून धरली की बहुतेक गाड्या तिला ओळखतात. काही गाड्यांत जागा वेगळी असते. पुस्तकात बघून ठेवा.

चावीने होते आणि मोबाइलने होत नाही, तर कारण नेटवर्क. निरोप मोबाइलकडून टॉवरला आणि टॉवरकडून गाडीतल्या सिमला जायचा असतो. खाडीच्या कडेला, घाटाच्या वळणाआड, पत्र्याच्या शेडखाली तो अडकतो. फुकट मुदत संपून वर्गणी भरायची राहिली तरी तेच. शिवाय बॅटरी खाली आली की गाडी स्वतःच हे यंत्र झोपवते, म्हणजे ॲप मुके झाले ही बॅटरीचीही खबर असू शकते.

इथवरच्या गोष्टी गैरसोयीच्या. पुढची जिवाची आहे. आपण गिअरची गाडी उतारावर लावताना पहिल्या गिअरमध्ये ठेवतो, ड्रायव्हिंग शिकवणारेही तसेच शिकवतात. कंपनीने बसवलेली रिमोटची सोय न्यूट्रल तपासून घेते. बाहेर दुकानात वायरी कापून बसवलेली स्वस्त पेटी तपासेलच असे नाही. गिअरमधल्या गाडीला रिमोटने सेल्फ दिला तर गाडी पुढे उडी घेते. पुढे अंगण, अंगणात मुले. गिअरच्या गाडीत अशी पेटी बसवली असेल तर आमचा आग्रह एकच, ती काढून टाका. कापलेल्या वायरींमुळे कंपनी वॉरंटी नाकारू शकते, हे वेगळेच.

दुसरा धोका धुराचा. इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस गुंगीत जातो आणि उठत नाही. बंद शेडमध्ये किंवा खोलीला लागून असलेल्या पडवीत रिमोटने गाडी चालू करू नये, दहा मिनिटेही नाही. ताडपत्री घातलेली गाडी तर अजिबात नाही. तापलेल्या सायलेन्सरला प्लॅस्टिक चिकटले की आग दूर नसते. आणि बाजारात किंवा रस्त्याकडेला हा हौसेचा प्रयोग कायद्यातही बसत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम १२६ सांगते की सार्वजनिक जागी गाडी उभी असेल तर चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस हवा, नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला हवा.

परदेशातून फोनवर ‘रोज दोन मिनिटं चालू करून ठेव’ असा सल्ला मिळतो, तो पुरेसा नाही. दोन मिनिटांत बॅटरीत फारसे काही परत जात नाही, इंजिनही नीट तापत नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास गाडी चालवून आणावी. जुम्मा झाल्यावर मुलांना घेऊन रेवदंड्याच्या बाजूला एक फेरी मारली तर गाडीचेही भले आणि घरच्यांचेही. टायर, ब्रेक, एसी सगळ्यालाच त्याने बरे. महिनाभर कुणी चालवणारच नसेल, तर वजाची वायर सोडवून ठेवावी. मात्र त्यानंतर रिमोट चालत नाही, म्हणून धातूची चावी घरात ठरलेल्या खिळ्याला टांगलेली असू द्या. घड्याळ आणि रेडिओ पुन्हा लावावे लागतील, एवढेच.

आगरदांडा-दिघी किंवा बागमांडला-वेश्वी जंगलजेटीवर गाडी चढवणाऱ्यांनाही एक सांगणे. इंजिन बंद करून गाणी, पंखा, दिवे चालू ठेवून बसायचे नाही. बॅटरी काठावर असेल तर पलीकडे पोहोचल्यावर गाडी हलत नाही आणि मागच्या सगळ्यांचे भोंगे सुरू होतात.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा लॉकडाऊनमुळे गाड्या आधीच अडीच महिने उभ्या होत्या. वीज गेली ती कित्येक गावांत बरेच दिवस आली नाही. ज्यांच्या गाडीची बॅटरी जिवंत होती, त्यांच्याकडे शेजारीपाजारी मोबाइल चार्ज करायला जमत. ज्यांची उतरलेली होती, त्यांना चार्जर लावायलाही वीज नव्हती. अशा वेळी दुसऱ्या गाडीवरून जंपर केबल लावता आली पाहिजे, म्हणून क्रम पाठ असावा. लाल चिमटा आधी उतरलेल्या बॅटरीच्या अधिकला, त्याचे दुसरे टोक चांगल्या बॅटरीच्या अधिकला. काळा चांगल्या बॅटरीच्या वजाला आणि त्याचे शेवटचे टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनवरील उघड्या धातूला, बॅटरीला नव्हे. कारण बॅटरीजवळ हायड्रोजन वायू असू शकतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते. मदत करणारी गाडी पाच मिनिटे चालू ठेवून मग सेल्फ मारावा. सुरू झाली की उलट क्रमाने काढावे. जवळ विडी-काडी नको. फुगलेल्या किंवा तडा गेलेल्या बॅटरीला हात लावू नये. धक्का मारून सुरू करणे ऑटोमॅटिक गाडीत होतच नाही.

एक गोष्ट घराघरात बदलायला हवी. गाडी घरच्यांसाठी घेतलेली असते, पण ॲप कर्त्याच्या मोबाइलवर, ओटीपी त्याच्या नंबरवर, विम्याचा कागद त्याच्या कपाटात, रस्त्यावरच्या मदतीचा नंबर त्याच्या डोक्यात. रात्री अकराला तो कुवेतमध्ये ड्युटीवर असेल तर फोन उचलणार नाही. पुढच्या सुट्टीत आलेल्या भावांनी एक दुपार काढून ॲपमध्ये घरातल्या बाईचा नंबर जोडावा आणि चावीचा सेल, बोनेटचा खटका, मीटर हे तिच्या हातून करून घ्यावे. स्वतः करून दाखवून नव्हे. आम्ही वर्गातही तसेच करतो; फळ्यावर सोडवलेले गणित मुलांना येत नाही.

बॅटरी साधारण तीन-चार वर्षे टिकते. खारट दमट हवेत आणि उभ्या गाडीत त्याहून कमी. नवी घेताना ती कधी बनली आहे तो महिना विचारा, दुकानात सहा-आठ महिने पडलेली घेऊ नका. वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का तिथेच घ्या, बसवल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहून बॅटरीवर लावा. पाणी भरायची जुनी पद्धतीची असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घालायचे. आपल्या किनाऱ्याच्या विहिरीचे पाणी नाही. जुनी बॅटरी दुकानदाराला द्या, त्याचे पैसे बिलातून वजा होतात. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती गोळा होऊन पुन्हा वापरात जायला हवी. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग शिसे असतो आणि आत आम्ल. ओट्याखाली, विहिरीच्या कडेला किंवा मुलांच्या हाताशी ती ठेवू नका आणि भंगारवाला दारातच फोडून आम्ल ओतू लागला तर त्याला थांबवा.